मुलाच्या ऑपरेशनची संमती: सही कोणाची, कधी आणि कशावर

चौदा वर्षांच्या मुलाला रात्री दीड वाजता त्याची आत्या घेऊन आली. पोटात दुखत होतं, सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजलेलं दिसलं. सर्जन आले, ऑपरेशन थिएटर (ओटी) तयार झालं, सिस्टरनी संमतीपत्र पुढे केलं. आत्यानं पेन उचललं, नात्याच्या रकान्यापाशी जरा थबकली आणि लिहिलं, ‘आई’.

“ताई, तुम्ही आई आहात का?”

“नाही हो. पण आई लिहिलं नाही तर तुम्ही घेणार नाही ना त्याला आत?”

मुलाचे आईवडील गावी होते आणि फोन पहिल्या रिंगला उचलत होते. आत्यानं ‘आत्या’ लिहिलं असतं तरी काम झालं असतं. आता तो फॉर्म रद्द करून नवा भरण्यात, भूलतज्ज्ञांना पुन्हा समजावण्यात पाऊण तास गेला. मी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात काम करतो आणि हा घोळ वेगवेगळ्या रूपांत सारखा बघतो. लोक सहीपासून सुरुवात करतात. खरं तर सही शेवटी यायला हवी. म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमानं लिहिला आहे. सगळं भारतातल्या कायद्यापुरतं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ‘अल्पवयीनांच्या उपचाराची संमती’ असा एकच कायदा आपल्याकडे नाही. थोडं फौजदारी कायद्यात, थोडं पालकत्वाच्या कायद्यांत, थोडं गर्भपात, मानसिक आरोग्य, एचआयव्ही अशा विशेष कायद्यांत विखुरलेलं आहे. त्यामुळे ‘कुठे लिहिलंय दाखवा’ असं काउंटरवर भांडून फारसं काही हाती लागत नाही.

## टप्पा १: वय कागदावर पक्कं करा

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. अठरावा वाढदिवस ज्या दिवशी असतो, तो दिवस उजाडताच सज्ञान. तोपर्यंत त्याला करार करता येत नाही, आणि दवाखान्यात दाखल होणं, पैसे भरणं, भूल घेणं या सगळ्यात कराराचा भाग असतोच. म्हणून पालकांची सही मागतात.

मधे बाराची एक रेघ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार बारा वर्षांखालच्या मुलानं दिलेली संमती ही साधारणपणे संमतीच धरली जात नाही. कलम २७ नुसार अशा मुलाच्या भल्यासाठी, सद्‌भावनेनं केलेल्या उपचाराला पालकांची, किंवा ज्यांच्या कायदेशीर ताब्यात मूल आहे अशा व्यक्तीची संमती चालते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी हेच जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८९ आणि ९० मध्ये होतं. जुने डॉक्टर अजून ‘एटीनाइन’ म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.

बारा ते अठरा हा पट्टा धूसर आहे. पंधरा वर्षांचा मुलगा एकटा ओपीडीत आला, घसा दुखतोय म्हणाला, तर डॉक्टर त्याला तपासतात आणि गोळ्या लिहून देतात. पण भूल, चिरफाड, रक्त चढवणं, दाखल करणं आलं की पालकांची लेखी संमती लागतेच. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही अल्पवयीनाच्या ऑपरेशनआधी पालकांची लेखी संमती घ्यावी असंच म्हटलं आहे.

थांबा. मूल उपचाराच्या मधेच अठराचं झालं तर तुमची सही संपली. पुढच्या ऑपरेशनचा फॉर्म त्यानंच भरायचा. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चव्वेचाळीस वर्षांच्या, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीनं तिच्या आईनं दिलेली संमती चालत नाही. हाच नियम अठरा वर्षं एक दिवसाच्या मुलीलाही लागतो. ‘ती अजून कॉलेजात आहे, तिला काय कळतं’ हे कायदा ऐकत नाही.

आणि याच्या अगदी उलटी चूक. मूल स्वमग्न आहे, सेरेब्रल पाल्सी आहे किंवा बौद्धिक अपंगत्व आहे, तर अठरा पूर्ण झाल्यावर आईवडिलांचा अधिकार आपोआप पुढे चालू राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हा अर्ज सतराव्या वर्षीच तयार करून ठेवा. बहुतेक घरांना हे पहिल्यांदा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळतं.

## टप्पा २: सही कोणाची, हे ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सावकाश बघू.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाची सही साधारणपणे पुरते. ‘वडिलांचीच पाहिजे’ असं अजूनही काही काउंटरवर ऐकू येतं. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत खरे, पण गीता हरिहरन प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयानं ‘नंतर’चा अर्थ ‘मृत्यूनंतर’ असाच घ्यायचा नाही, ‘गैरहजेरीत’ असाही घ्यायचा, असं स्पष्ट केलं. वडील परगावी आहेत, लक्ष घालत नाहीत किंवा त्या वेळी सापडत नाहीत, तर आईची सही पूर्ण चालते. अविवाहित आईला तर वडिलांचं नावही सांगायची सक्ती नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला वडिलांना नोटीस न देता पालकत्व मागता येतं असं म्हटलं आहे.

आईवडील विभक्त असतील तर ताब्याचा आदेश काय म्हणतो ते पाहा. आदेशात ‘वैद्यकीय निर्णय दोघांनी मिळून’ असं असेल तर दोघांच्या सह्या घ्या. घटस्फोटाच्या कागदांत हे वाक्य बऱ्याचदा वकिलाशिवाय कोणी वाचलेलंच नसतं.

सावत्र वडील किंवा सावत्र आई हे त्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक नाहीत. मूल त्यांनीच वाढवलं असलं तरी त्यांनी रकान्यात ‘वडील’ लिहू नये, ‘सावत्र वडील, मूल माझ्याकडे राहतं’ असं लिहावं.

बालगृहातल्या मुलासाठी बालकल्याण समितीच्या आदेशानं ज्या संस्थेकडे किंवा व्यक्तीकडे ताबा आहे, तिथून अधिकृत व्यक्ती येते. आदेशाची प्रत बरोबर असावी.

आजी, काका, मामा, आत्या, वसतिगृहाच्या रेक्टर यांचं काय? ही माणसं कायदेशीर पालक नाहीत, पण बिनकामाचीही नाहीत. पालक व पाल्य अधिनियम, १८९० मध्ये ‘पालक’ची व्याख्या ‘ज्याच्याकडे अल्पवयीनाचा सांभाळ आहे’ अशी आहे, आणि न्याय संहितेत ‘कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती’ हे शब्द आहेत. म्हणजे मूल तुमच्याकडे कोणत्या नात्यानं, कोणाच्या परवानगीनं आहे, हे दाखवता आलं पाहिजे. ते कसं दाखवायचं, ते पुढच्या टप्प्यात.

जाता जाता एक अपवाद, जो वाचून मी स्वतः चकित झालो होतो. २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याच्या कलम ३२ मध्ये, एचआयव्हीबाधित घराचा कारभार सांभाळणारं, पुरेशी समज असलेलं बारा ते अठरा वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडाच्या उपचारासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं.

तपासा. नात्याच्या रकान्यात जे खरं असेल तेच लिहा. खोटं ‘आई’ लिहिलेला फॉर्म काही बिघडलं तर तुमच्यावरच उलटतो.

## टप्पा ३: मूल दुसऱ्याकडे ठेवताना पत्र द्या

सुट्टीत मूल मामाकडे, शिक्षणासाठी वसतिगृहात, आईवडील परदेशी नोकरीला: अशा वेळी एक पानाचं पत्र लिहून ठेवा. मजकूर साधा असू द्या:

“मी (पूर्ण नाव), (मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख) याची आई, दिनांक ___ ते ___ या काळात त्याचा सांभाळ (नाव, नातं) यांच्याकडे सोपवत आहे. या काळात तपासणी, दाखल करणं, औषधोपचार आणि डॉक्टरांच्या मते थांबता न येणारं ऑपरेशन यांसाठी त्यांनी माझ्या वतीनं संमती द्यावी. थांबता येण्यासारख्या ऑपरेशनसाठी मला विचारावं. माझे दोन फोन नंबर: ___. ॲलर्जी: ___. चालू औषधं: ___.”

खाली सही, तारीख, दोन साक्षीदार, सोबत तुमच्या आणि मुलाच्या ओळखपत्राची झेरॉक्स. नोटरी केली तर चांगलंच. पण नोटरीवाचून पत्र राहून जाऊ नये. रात्री दोन वाजता साध्या कागदावरचं सहीचं पत्रही रिकाम्या हातांपेक्षा कितीतरी बरं.

हे पत्र न्यायालयाचा आदेश नव्हे. मोठ्या, नियोजित ऑपरेशनसाठी दवाखाना ‘आईवडीलच हवेत’ म्हणू शकतो आणि ते योग्यच आहे. पत्रातली शेवटची तारीखही (‘ते’नंतरची) रिकामी सोडू नका. कायमस्वरूपी पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.

## टप्पा ४: फाइल

दाखल व्हायच्या आधीच एका पिशवीत हे असू द्या: मुलाचा जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, नातं दाखवणारा कागद (जन्मदाखल्यात आईवडिलांची नावं असतातच), ताब्याचा आदेश असेल तर तो, जुने केसपेपर, विम्याचं कार्ड. आडनाव बदललेल्या आईनं लग्नाचा दाखला किंवा राजपत्राची प्रत ठेवावी. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि काउंटरवरचा मुलगा हटून बसलाय, हे मी फार वेळा पाहिलंय.

## टप्पा ५: आधी प्रश्न, मग फॉर्म

फॉर्म हातात आला की बहुतेक जण थेट खालची रेघ शोधतात. त्याआधी डॉक्टरांनाच बोलवा. सिस्टर किंवा वॉर्डबॉय फॉर्म आणून देऊ शकतात, समजावून देणं त्यांचं काम नाही. समीरा कोहली निकालातच सांगितलंय की डॉक्टरांनी पुरेशी माहिती द्यायची: काय करणार, कशासाठी, दुसरा पर्याय आहे का, धोके कोणते, आणि केलं नाही तर काय होईल. मी लोकांना हेच पाच प्रश्न मोबाइलमध्ये टाइप करून ठेवायला सांगतो.

सहावा प्रश्न माझा: “भूल कोणती देणार आणि भूलतज्ज्ञ मुलाला आधी तपासणार का?” लहान मुलांच्या बाबतीत भूल हा वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा फॉर्म असतो, आणि मुलानं काय-कधी खाल्लं-प्यायलं हे तिथं खरं सांगावं लागतं. ‘थोडं दूध दिलं’ हे लपवू नका.

उत्तर मराठीत मागा. समजलं नाही तर पुन्हा विचारा. मग तुमच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा: “म्हणजे उजव्या बाजूचं हर्निया, दुर्बिणीनं, पूर्ण भूल, बरोबर?” चुकीची बाजू, चुकीचं नाव अशा गोष्टी इथंच पकडल्या जातात.

## टप्पा ६: फॉर्म भरताना

एकामागून एक हे बघा.

पहिलं, मुलाचं नाव, वय, केसपेपर नंबर. दुसरं, ऑपरेशनचं नाव आणि बाजू. हा रकाना कोरा असेल तर सही करू नका. दाखल करतानाच ‘इथं इथं सह्या करून ठेवा, नंतर भरू’ असं म्हणत पाच कोरे फॉर्म पुढे येतात. नम्रपणे म्हणा, “डॉक्टर भरू देत, मी इथेच आहे.” कोऱ्या फॉर्मवरची सही तुमच्या काही उपयोगाची नाही आणि वाद झाला तर डॉक्टरांच्याही नाही.

तिसरं, एका फॉर्मनं सगळं चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही. समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीनं तपासायची परवानगी होती आणि गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयानं ती संमती पुरेशी मानली नाही. ‘गरज पडल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया’ असं छापील वाक्य असेल तर विचारा, नेमकी कोणती? ऑपरेशन चालू असताना जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी थांबता येणार नाही असं काही करावं लागलं तर ती गोष्ट वेगळी. त्यासाठी कोऱ्या चेकची गरज नाही.

चौथं, सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवणाऱ्यानं स्वतःचं नाव आणि सही करावी, आणि मग अंगठा. पाचवं, तारीख आणि वेळ. वेळ सगळे विसरतात. ऑपरेशन नऊला सुरू झालं आणि संमतीवर साडेनऊ असेल तर त्या कागदाला काय अर्थ?

फोनवरची संमती. पालक लांब असतील तर डॉक्टरांनी स्वतः पालकांशी स्पीकरवर बोलावं, दोन जणांनी ऐकावं, नंबर आणि वेळ केसपेपरवर लिहावी. जमेल तर पालकांनी छापलेल्या फॉर्मवर सही करून फोटो पाठवावा, आणि पोहोचल्यावर मूळ फॉर्मवर सही करावी. दवाखान्याबाहेर उभ्या काकांनी आत येऊन ‘भावानं हो म्हटलंय’ सांगणं, ही फोनवरची संमती नव्हे.

## टप्पा ७: मुलाला सांगा

कायद्यानं सही पालकांची, पण सुई मुलाच्या हातात जाणार असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला काय होणार ते सांगता येतं, बारापुढच्याला तर सांगायलाच हवं. औषधांच्या संशोधन-चाचण्यांत हे नियमांतच आहे: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वयोगटाची तोंडी आणि बारा ते अठरा वयोगटाची लेखी सहमती, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, पालकांच्या संमतीबरोबर घ्यावी लागते. साध्या उपचारात असा फॉर्म नसतो. तरी एका मुलीनं मला ओटीच्या दारात विचारलं होतं, “पण हे माझ्या पोटाचं आहे ना? मग मला कोणी का नाही सांगितलं?” माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

## टप्पा ८: तातडी असेल तर क्रम उलटा

अपघात, श्वास अडकणं, रक्तस्राव, झटके: इथं कागद मागे, उपचार पुढे. परमानंद कटारा प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवण्यासाठी लागणारी मदत देणं सरकारी, खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. पोलिसांच्या कागदांसाठी थांबायचं नाही.

संमतीबद्दल न्याय संहितेचं कलम ३० (जुनं ९२) स्पष्ट आहे. पालकांची संमती वेळेत मिळणं शक्य नसेल तर डॉक्टरांनी सद्‌भावनेनं केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. एकात वाघानं धरून नेलेला माणूस आहे, एकात जळत्या घराच्या छपरावरून खाली धरलेल्या ब्लँकेटमध्ये टाकलेलं मूल, आणि एकात थेट आपलाच प्रश्न: अपघात झालेलं मूल, तातडीचं ऑपरेशन, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल ‘नको’ म्हणून विनवतंय, आणि तरीही सर्जन ऑपरेशन करतो. गुन्हा नाही.

म्हणून आजी, शेजारी, शिक्षक, जो कोणी मुलाला घेऊन आलाय, त्यानं ‘मी पालक नाही, मग काय करू’ असं म्हणत दाराबाहेर थांबू नये. आत या, खरं सांगा, आईवडिलांचे नंबर द्या, फोन लावत राहा. लावलेल्या प्रत्येक फोनची वेळ डॉक्टर केसपेपरवर लिहितील.

थांबा. ‘तातडी’ हा शब्द सोयीनं वापरायचा नाही. सकाळी अकराला ठरलेलं टॉन्सिलचं ऑपरेशन, वडील संध्याकाळी येणार, तर ते ऑपरेशन थांबू शकतं.

## टप्पा ९: आईवडिलांचं पटत नसेल, किंवा दोघंही नाही म्हणत असतील

थांबता येण्यासारखा उपचार असेल तर डॉक्टर थांबतात. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. तरी मिटलं नाही तर न्यायालय. उपचाराविना मुलाचा जीव जाणार असेल आणि पालक नाही म्हणत असतील, तर दवाखाना बालकल्याण समितीला किंवा चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ ला कळवू शकतो. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली मुलाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून त्याला त्रास होऊ देणं हा गुन्हा आहे, आणि तो आईवडिलांनाही लागू होऊ शकतो.

सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या फॉर्मवर सही करताना लोक ‘बिल कमी होईल’ इतकाच विचार करतात. तो फॉर्म आधी वाचा.

## टप्पा १०: जिथं नियम वेगळे आहेत

गर्भपात. १९७१ च्या कायद्यानुसार अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती (फॉर्म सी) लागते. पालक म्हणजे जिच्याकडे मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं. अल्पवयीन मुली या वाढीव मुदतीत बसतात. अल्पवयीन गर्भवती म्हटलं की पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं येतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिची ओळख उघड करायची गरज नाही. या भीतीनं कोणी गावठी उपायांकडे वळू नये.

लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी. पॉक्सोच्या कलम २७ नुसार गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टर करतात, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी लागते. तसं कोणी नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखानं नेमलेली महिला. उपचार मोफत. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणणं चुकीचं आहे.

मानसिक आजार. २०१७ च्या कायद्यात मूल दाखल करताना प्रतिनिधी म्हणून पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ बरोबर राहते, आणि मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. विजेचे झटके देण्याचा उपचार मुलांवर करता येत नाही. अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही हवं.

अवयवदान. अठराखालच्या मेंदूमृत मुलाच्या बाबतीत आई किंवा वडील, दोघांपैकी कोणीही अधिकार देऊ शकतात. इथं काका-मामांची सही चालत नाही.

## टप्पा ११: घरी जाताना

संमतीपत्रांच्या, भूलनोंदीच्या आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती मागा. तोंडी मागितल्या तर ‘उद्या या’ ऐकायला मिळतं. लेखी अर्ज करा; आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर नोंदी बहात्तर तासांच्या आत द्यायच्या असतात. नोंदी तीन वर्षं जपून ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यानंतरची जबाबदारी तुमची. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेचा शिक्का घेऊन परत या.